इंदुमती उडी मारत नाही

शालू घेतल्याशिवाय भागूबाई पिकअपमध्ये चढायला तयार नव्हत्या.

“बाई, आपन पिच्चर बघायला चाललोय, काम करायला न्हाई!” नातू अजिनाथ स्टेअरिंगवर बसून हॉर्नवर हॉर्न देत होता.

“इंदुमती जिथं उभी राहनार तिथं शालू लागतो. रीत हाय ती.”

“ती नगरला पडद्यावर उभी राहनार हाय. तिला तिचा शालू आसंल की!”

“आसंना. मी कुठं तिला नेसवायला चाललीय? मांडीवर ठेवते.”

आणि म्हातारी वळली ती थेट पत्र्याच्या पेटीकडं. सून चांगुणानं कपाळाला हात लावला. नातसून मोनिकाला मात्र हसू आवरेना. तिला आज काहीही चाललं असतं. चिमी झाल्यापासून दवाखाना सोडून ती कुठं गेली नव्हती, आणि आज चक्क थेटर! केस धुतलेले, पदराला पिना, पर्समध्ये दुपटी, बाटली, खुळखुळा. चिमी तिच्या कडेवरून सगळ्या घराकडं साहेबासारखी बघत होती. आठ दिवस झाले, मोनिका तिला टाळ्या वाजवायला शिकवत होती. चिमी ऐकून घ्यायची, आणि मूठ तोंडात घालायची.

तेवढ्यात भागूबाईंचे मालक सहादेवअण्णा बाहेर आले. पांढरं धोतर, कडक टोपी, आणि तोंडावर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पावडर.

“मोनिका, बघ गं. मिशी काढू का?”

“कशाला अण्णा?”

“इंदुमतीला मिशी बरी दिसंल का?”

“अहो, पिच्चरमध्ये तुम्ही कुठं आहात?”

“मी नसंल. पन वाक्यं तर माजीच हायेत ना!”

त्यात खोटं काही नव्हतं. ‘बांधावरची विहीर’ हे मोठं, पुस्तकात छापलेलं नाटक. पण तिसगावात ते सहादेवअण्णांचं. जत्रेला मंडळाचं नाटक बसायचं, बायकांची कामं पुरुषच करायचे, आणि इंदुमती म्हणजे सहादेव. नेसायला बायकोचा लग्नातला शालू. अजूनही बाजारात कोणी म्हातारा भेटला की लांबूनच हाक यायची, “काय इंदुमतीबाई, वांगी कशी दिली?” सासरचा छळ सोसून इंदुमती बापाच्या दारात येते, बाप तिला तसाच माघारी धाडतो, आणि जाताना ती बांधावरच्या विहिरीशी थांबते. तिथं ते वाक्य. त्या वाक्यावर मंडप उठायचा. घरातल्या पोराबाळांना ते पाढ्यांसारखं पाठ होतं.

आता त्याच नाटकाचा सिनेमा आला होता.

हौद्यात कांद्याच्या गोण्या होत्या, त्यांवर सतरंजी. मोनिकानं चिमीला पुढं बाईंच्या मांडीवर, शालूच्या गाठोड्यावर ठेवलं आणि स्वतः मागं नणंद राजेश्वरीशेजारी जाऊन बसली. समोर सासू-सासरे, आणि सासूचे भाऊ श्रीमंतमामा. मामांना कोणी बोलावलं नव्हतं. ते सकाळीच इस्त्रीचे कपडे घालून हजर झाले होते.

“ताई, मामा का आलेत?” मोनिका कुजबुजली.

“रविवारची तयारी,” राजी म्हणाली.

रविवार. आठवडाभर घरात हा वार कोणी मोठ्यानं उच्चारत नव्हतं. राजी पोळ्याला माहेरी आली ती परत गेली नव्हती. संगमनेरला डेअरीतली नोकरी सासूनं सोडायला लावली, नवऱ्यानं दोनदा हात उचलला. तिसऱ्यांदाची वाट बघत ती थांबली नाही. सोयरीक मामांनी जुळवलेली. त्यांनीच मधे पडून ठरवलं होतं की रविवारी सासरची माणसं येतील आणि राजीनं निमूट जावं. चांगुणा भावाच्या बाजूची. अजिनाथ ज्याच्याशी शेवटचं बोलेल त्याच्या बाजूचा. आणि रामहरी, राजीचे तात्या, कोणाच्याच बाजूचे नाहीत, हे तर सगळ्यात वाईट.

“वहिनी, अशी तोंड पाडून बसू नको,” राजीनं तिला कोपरानं ढोसलं. “आज मज्जा करायची. किती दिवसांनी बाहेर पडलीस.”

करंजी घाटात वाऱ्यानं मामांचा रुमाल उडाला आणि मागून येणाऱ्या ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर जाऊन बसला. ट्रॅक्टरवरच्या बाईनं तो हलवून दाखवला. राजी आणि मोनिका एकमेकींच्या अंगावर पडून इतक्या हसल्या की चांगुणालासुद्धा पदर तोंडाला लावावा लागला.

*

मध्यंतर झालं तेव्हा रामहरी घामाघूम झाला होता. सिनेमामुळं नव्हे, वडलांमुळं.

पडद्यावरच्या नटीनं तोंड उघडायच्या आधी अण्णा तिचं वाक्य म्हणून मोकळे होत. ती चुकली की “च्च” करत. इंदुमती या सिनेमात स्कूटीवरून बँकेत जात होती, सासू तिचा मोबाईल कपाटात ठेवून किल्ली कमरेला खोचत होती. अण्णांना ते फार पटलं. “तवा पत्रं लपवायची, आता मोबाईल. सासू तीच!” ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पुढची पूर्ण रांग वळून हसली. बाई शालू मांडीवर घेऊन देवळात बसल्यासारख्या ताठ. चिमी शालूवर झोपलेली.

मक्याच्या लाह्या घेऊन तो रांगेतून बाहेर पडला, तसा मेव्हणा श्रीमंत त्याच्याजवळ सरकला.

“दाजी, एक सांगायचं हुतं. रागवू नका.”

“बोला.”

“पाव्हनं रविवारी न्हाई. आजच येत्यात. दिवस मावळायला तिसगावात पोचतील.”

रामहरीनं तोंडाकडं नेलेली लाही परत पिशवीत टाकली.

“मीच सांगितलं तसं. म्हनलं, पिच्चर बघून समदी खुशीत आसतील. घरी गेलो की च्या-पानी, पोरगी गाडीत. रडारडीला टाइमच न्हाई. आक्कानं बॅग भरून ठिवलीय कॉटखाली.”

“चांगुणानं? मला न सांगता?”

“तुमी कुठं काय ठरवता, दाजी! तुमचं आपलं, लिवलं आसंल तसं हुईल.”

हे बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. रामहरी सोसायटीत चिटणीस म्हणून आयुष्यभर राहिला. छापलेलं, शिक्का मारलेलं त्याला पवित्र वाटे. पत्रिका जुळली, लग्न झालं. आता नशिबात लिहिलेलं आपण कोण खोडणार? राजीच्या दंडावरचा वळ त्यानं पाहिला होता. मलम आणून दिलं होतं. त्यापुढं काय करतात, ते त्याला कुठं लिहिलेलं सापडलं नव्हतं.

“माझी लाज राखा म्हनजे झालं,” श्रीमंत म्हणाला. “शब्द दिलाय मी.”

रामहरी काही बोलणार, तर मागं राजी उभी. हातात चिमीची रिकामी बाटली. गरम पाणी मागायला आली होती. किती वेळची उभी होती कोण जाणे.

तिनं त्याच्या हातातली लाह्यांची पिशवी घेतली, एक दाणा तोंडात टाकला.

“तात्या, खारट झाल्यात,” म्हणाली, आणि पाण्याकडं निघून गेली.

*

अंधारात राजी बाईंच्या शेजारी बसली. आज. कॉटखालची बॅग. ती कोणती भरली असेल आईनं, लग्नातली लाल? तिची चेन तर बिघडलीय.

असलं काहीतरी मनात यावं याचंच तिला हसू आलं. आणि लगेच दुसरी भीती आली, ती पहिलीपेक्षा जवळची.

राजीनं पाथर्डीला कॉलेजात असताना ‘बांधावरची विहीर’ वाचलं होतं. घरात दुसऱ्या कोणीच वाचलं नव्हतं. सगळ्यांनी ते अण्णांच्या तोंडून ऐकलेलं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर अण्णांचं वाक्य नव्हतं. तिथं लिहिलं होतं, इंदुमती विहिरीत उडी घेते. पाण्याचा आवाज. पडदा.

ती पुस्तक घेऊन घरी आली होती, अण्णांना दाखवायला. अण्णा ओट्यावर चार पोरं जमवून तेच वाक्य म्हणून दाखवत होते. तिनं पुस्तक गुपचूप पिशवीत ठेवलं.

पडद्यावर बापानं दार लावलं. इंदुमतीची स्कूटी बांधाच्या कडेला थांबली.

“अण्णा,” राजीनं वाकून त्यांचा हात धरला. “चला, बाहेर चहा घेऊ. गर्दी व्हायच्या आत.”

“येडी झाली का? आता तर माजं वाक्य हाय!”

“अण्णा, ऐका ना...”

“गप. बग.”

इंदुमती विहिरीशी आली. काठावर चढली. सगळी रांग पुढं सरकली. अजिनाथचे ओठ हलत होते. तात्यांचेसुद्धा. अण्णा खुर्चीच्या टोकावर, उजवा हात छातीशी, डावा पदर सावरायला खांद्यावर, जिथं आज फक्त उपरण्याचं टोक होतं. त्यांनी श्वास घेतला.

आणि इंदुमतीनं उडी मारली.

धप्प. पाणी. काळा पडदा. पांढऱ्या अक्षरांत नावं सरकू लागली.

“आरं!” अण्णांचा आवाज सगळ्या थेटरात गेला. “उडी मारली की रं तिनं!”

कोणीतरी खिदळलं. भागूबाई उभ्या राहिल्या.

“ए, मशीन थांबव! चुकलंय!”

“बाई, खाली बसा,” चांगुणा ओढू लागली.

“काय म्हनून बसू? आख्खी बाई बुडवली!”

चिमीनं जागी होऊन भोकाड पसरलं. दिवे लागले. टॉर्च घेऊन एक माणूस धावत आला. “काय झालं आजोबा? कुणाला चक्कर आली का?”

“चक्कर तुमच्या पिच्चरला आली!” अण्णा त्याला समजावू लागले. “ती उडी मारत न्हाई. काठावर चढती, खाली बगती, आन मग बोलती. ते बोलनंच कापलंय तुमी!”

“मी नाही हो कापलं, मी तिकिटं फाडतो.”

वरच्या रांगेतून एक फेटेवाला म्हातारा उठला. “ओ पाव्हनं! तिसगावची इंदुमती का तुमी?”

“व्हय!”

“आरं तिच्या! मी करंजीचा. बैलगाडी जुपून यायचो तुमाला बगायला. खरंय पोरांनो, बाई उडी मारत न्हाई! म्हना ओ, म्हना एकदा!”

“म्हणा, आजोबा!” कॉलेजची पोरं ओरडली. मोबाईल वर झाले.

राजीनं डोळे मिटून घेतले, पण कान मिटता येईनात. अण्णांनी आढेवेढे घेतले नाहीत. टोपी काढून अजिनाथकडं दिली, उपरणं डोक्यावरून घेतलं, आणि पिठाळ मिशांच्या त्या म्हाताऱ्यातून एक सोसलेली, हट्टी, तरणी बाई बोलू लागली.

“माझ्या बापानं ही विहीर पाणी प्यायला खणलीय... लेकी बुडवायला न्हाई!”

मग शिट्ट्या, टाळ्या, फेटेवाल्यानं फेटा उडवला. टॉर्चवालाही टॉर्च काखेत धरून टाळ्या वाजवत होता.

*

बाहेर पिकअपपाशी येईपर्यंत सगळ्यांच्या हसण्याला नुसती भरती आली होती. फक्त रामहरी हसत नव्हता.

“ह्यांच्यावर केस केली पायजे,” तो म्हणत होता. “एवढ्या मोठ्या लेखकाचं वाक्य गाळतात म्हनजे काय?”

“तात्या,” राजी म्हणाली. “लेखकाचं नाही ते.”

“आं?”

“पुस्तकात उडीच आहे. मी वाचलंय. अण्णांचं वाक्य पुस्तकात कुठंच नाही.”

सगळे अण्णांकडं वळले. अण्णा टोपीवरची नसलेली धूळ झटकू लागले.

“अण्णा?” रामहरीचा आवाज चिरकला. “मी सोसायटीच्या मीटिंगीत लेखकाच्या नावानं ते वाक्य म्हनलंय. तीनदा!”

“मला काय इचारतो? तुज्या आईला इचार.”

भागूबाई चाकाच्या मडगार्डवर टेकून चिमीला बाटली पाजत होत्या.

“आता काय सांगायचं त्यात,” त्या म्हणाल्या. “नवं लगीन झाल्यालं. मंडळाची मानसं शालू मागायला आली. म्हनलं, नाटकात काय हुतं? हे म्हनले, शेवटाला हिरीत उडी. म्हनलं, मंग न्हाई देत. माज्या लग्नाचा शालू नेसून कोनी हिरीत जायाचं न्हाई. घोडेगावला माजी चुलतबहीन लंका गेली हुती तशी. मी बगितली हुती ती वर काढताना. पुन्ना दर जत्रंला कोन बगनार?”



“मंडळाकडं दुसरा शालू न्हवता,” अण्णा हळूच म्हणाले. “मी म्हनलो, मंग तिनं उडी न्हाई मारायची तर काय करायचं? तर ही चुलीपुढनं म्हनली, सांग तिला, बापानं हीर पानी प्यायला खनलीय, लेकी बुडवायला न्हाई. मी तेच म्हनलो. येवढं तर झालं.”

“आन छापलेलं?” रामहरी म्हणाला. “लिवलेलं?”

“लिवनारा कुठं आमच्या जत्रंला आला हुता!”

अजिनाथ पहिला फुटला. मग मोनिका. मग बाईसुद्धा बोळक्या तोंडानं हसू लागल्या. श्रीमंतमामा घड्याळ बघत होते. “चला चला, पाव्हनं येतील,” ते म्हणाले, आणि हसणं तिथंच तुटलं.

“कोण पाव्हणे?” अजिनाथ.

राजीनंच सांगितलं. अगदी सरळ आवाजात, दुसऱ्या कोणाचं असावं तसं. “आजच न्यायला येणार आहेत मला. आईनं बॅग भरलीय.”

*

गाडी घाटात शिरली. आता राजीला पुढं बसवलं होतं, चिमी तिच्या मांडीवर. बाई हट्टानं मागं, गोणीवर, अण्णांशेजारी. वारा गार होता. त्यांनी शालू उलगडला आणि केबिनच्या मागच्या मोकळ्या खिडकीतून आत सारला. “पांघर. पोरगीला बी घे आत.” विरलेल्या जरीचा लालभडक शालू. राजीनं तो अंगाभोवती लपेटला.

रामहरी खिडकीतून बघत होता. शालूतल्या लेकीची पाठ.

“अण्णा,” तो एकदम म्हणाला. “ते वाक्य झालं की पुढं काय व्हायचं नाटकात?”

“पुढं?” अण्णा विचारात पडले. “पुढं पडदा. हिनं येवढंच सांगितलं हुतं. पुढचं कोनी लिवलंच न्हाई.”

श्रीमंतचा मोबाईल वाजला. “पाव्हनंच,” तो म्हणाला. “पोचले वाटतं.”

“द्या इकडं.”

“दाजी, मी बोलतो ना...”

“द्या!”

रामहरीनं फोन घेतला. कुठलं बटण दाबलं कोण जाणे, पलीकडचा आवाज सगळ्या हौद्यात घुमला. “हां श्रीमंतराव, आमी ओट्यावर बसलोय. पोरगी तयार हाय ना?”

“मी रामहरी बोलतोय. राजीचा बाप.” आणि तो अडकला. अजिनाथनं घाटातच गाडी कडेला घेतली. “ते... म्हनजे... आसंय की...”

चांगुणा पुढं सरकली. श्रीमंतला वाटलं आपली बहीण सावरून घेईल.

“बॅग भरलीय मी,” ती फोनमध्ये म्हणाली. “पन ती आता घरी जाऊन मोकळी करनार हाय.”

“आक्का!” श्रीमंत ओरडला.

“तू गप, श्रीमंता!”

ते ऐकून रामहरीनं फोन पुन्हा तोंडाशी धरला.

“पाव्हनं, शेजारीन च्या करून देईल. घ्या, आन निवांत माघारी जा. पोरगी येनार न्हाई.”

“येनार न्हाई म्हनजे? कारन काय?”

रामहरीनं एकवार आईकडं पाहिलं. मग पाठीमागून, पुढून, गोण्यांवरून, स्टेअरिंगवरून सगळ्यांनीच तोंड उघडलं. पण त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. हे त्यालाच म्हणायचं होतं. मीटिंगीत म्हणायचा तसं नव्हे. हळू, जरा चुकत, आपलंच असल्यासारखं.

“मी हीर पानी प्यायला खनलीय, पाव्हनं. लेकी बुडवायला न्हाई.”

फोन बंद झाला. त्यानं बंद केला की तिकडून झाला, कळलं नाही.

राजी पाठमोरीच होती. शालूत तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय हे मोनिकाला मागून कळेना. मग राजी वळली, आणि दोन्ही चाललं होतं.

“तात्या,” ती नाक पुसत म्हणाली, “विहीर अण्णांनी खणलीय. तुम्ही नुसती मोटार बसवलीत.”

“गप गं!” रामहरी म्हणाला. त्याचाही चेहरा धड राहिला नव्हता.

“आरं, पन टाळ्या कुठंयत?” सहादेवअण्णा दुखावल्या आवाजात म्हणाले. “ह्या वाक्याला टाळ्या हायेत!”

तेव्हा शालूच्या घडीतून दोन इवले हात वर आले. चिमीनं मूठ तोंडातून काढली, ती नीट न्याहाळली, दुसरा हात शोधला, आणि आठ दिवस आईला झुलवून, कोणी सांगितलेलं नसताना, करंजी घाटात पहिल्यांदा टाळी वाजवली.